डिपर देणं

तिलवाऱ्याच्या पुलावरून मी आठवड्यातले सहा दिवस जाते-येते. सकाळी जाताना नर्मदा दिसते, संध्याकाळी येताना समोरच्या गाड्यांचे दिवे दिसतात, बाकी काही नाही. पुलापलीकडच्या एका शाळेत मी गणित शिकवते. हिवाळ्यात वह्या, रजिस्टर, मुख्याध्यापकांच्या सूचना हे सगळं आटपून निघेपर्यंत अंधार पडलेला असतो. माझं वय बावन्न, चष्म्याचा नंबर दरवर्षी नवा. दिवसभर नववीशी बोलून घसा बसलेला असतो, आणि वर पाऊण तास हे पांढरे झोत. घरी पोचले की मी पाच मिनिटं गाडीतच डोळे मिटून बसते. उतरायचंसुद्धा जिवावर येतं.

पूर्वी समोरच्या गाडीचा दिवा पिवळा असायचा आणि तो रस्त्यावर पडायचा. आता नागपूरकडून येणारा ट्रक असो की कोणाची मोटरसायकल, उजेड थेट डोळ्यांत शिरतो. ती गाडी निघून गेल्यावर दोन-तीन सेकंद रस्ताच नाहीसा होतो. तेवढा वेळ मी आठवणीवर गाडी चालवते. इथे डावीकडे खड्डा आहे, इथे गाय बसलेली असते. गायीने आज जागा बदलली असेल तर काय, हा विचार मी करत नाही. केला तर नोकरी सोडावी लागेल.

सुरुवातीला चिडायचे. काच वर असताना मनसोक्त शिव्याही द्यायचे, त्याही हिंदीत, कारण शिव्या देताना मराठी पुरत नाही. मग चिडायचाही कंटाळा आला. शेवटी गेल्या पावसाळ्यानंतर सदर बाजारातल्या एका दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, ‘‘दीदी, एक बार लगवा लो, रात को दिन कर दूँगा.’’ मी लावून घेतले पांढरे दिवे. माझ्या बारा वर्षांच्या गाडीला ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पण पहिल्या संध्याकाळी फार बरं वाटलं. रस्ता लांबपर्यंत दिसला, गायसुद्धा दिसली. समोरच्याला काय होत असेल हे मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि खोटं कशाला बोलू, त्याचंही बरंच वाटलं. इतके दिवस मी डोळे मिटले, आता तुम्ही मिटा.

ही गोष्ट मी बाबांना सांगितली नाही. शंभर चुका लपवता येतील, पण दिव्याची चूक आमच्या घरात लपत नाही.

बाबा इथल्या एका सरकारी फॅक्टरीत होते, जिथे फौजेसाठी ट्रक तयार होतात. ट्रक सगळा जोडून झाला, रंगून झाला की शेवटी बाबांकडे यायचा. त्यांच्या शेडमध्ये एक पांढरी भिंत होती. भिंतीवर काळ्या रेषा. पंचवीस फुटांवर ट्रक उभा करायचा, चाकांतली हवा तपासायची, ड्रायव्हरच्या जागेवर माणूस बसवायचा आणि दिव्याचा उजेड रेषेच्या खाली आणून बसवायचा. बस, एवढंच काम. चौतीस वर्षं त्यांनी उजेड खाली आणला. लहानपणी मैत्रिणींचे वडील इथल्या दुसऱ्या फॅक्टऱ्यांत तोफा नि बॉम्ब करतात म्हणून त्या मिरवायच्या, आणि मला सांगावं लागायचं की माझे वडील दिवा खाली करतात. लाज वाटायची. बाबांना मात्र त्यात काही कमीपणा वाटला नाही. ते म्हणायचे, ‘‘दिवा आपल्याला दिसावं म्हणून नसतो फक्त. समोरच्याला आपण दिसावं आणि त्याला त्याचा रस्ताही दिसावा, म्हणून असतो.’’

फॅक्टरीच्या कॉलनीत शिरताना एक नाला होता आणि त्यावर अरुंद पुलिया. एका वेळी एकच गाडी जाईल एवढीच. शिफ्ट सुटली की दोन्ही बाजूंनी स्कूटर, जीप, अधूनमधून चाचणीचे ट्रक. तिथे पोलीस नव्हता, पाटीही नव्हती, पण एक रीत होती. ज्याला थांबायचं असेल तो दिवा एकदा वर करून खाली आणायचा. म्हणजे, ‘या, तुम्ही आधी.’ समोरचा हात वर करायचा, कोपरातून सरळ, पंजा उघडा, आणि निघून जायचा. ह्याला डिपर देणं म्हणायचे. बाबा तर डिपर देऊन वर दिवेच विझवून टाकायचे, समोरच्याला अजिबात त्रास नको म्हणून. अंधारात आम्ही तिघं स्कूटरवर, मी पुढे उभी, आई मागे भाजीची पिशवी धरून, आणि समोरून एकामागून एक लोक हात वर करून जाऊन राहिलेत. आई वैतागायची. ‘‘सगळ्या जगाला पुढे घाला तुम्ही. माझा कुकर तिकडे जळून राहिला असेल.’’ बाबा म्हणायचे, ‘‘चलो, हा शेवटचा.’’ तो शेवटचा कधीच नसायचा.

कॉलनीबाहेर, शहरात, त्याच खुणेचा अर्थ उलटा होता. तिथे दिवा वर-खाली केला म्हणजे ‘हट, मी येतोय.’ बाबांना हे माहीत होतं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांच्या भाषेत दोन वेगळी क्रियापदं होती. ‘‘शहरातले लोक डिपर मारतात,’’ ते म्हणायचे, ‘‘आपण देतो.’’ मला गाडी शिकवताना त्यांनी गिअरच्या आधी हे शिकवलं होतं. मी शिकलेही. पुढे कॉलनी सुटली, नोकरी लागली, रोजचा हा रस्ता आला, आणि मी कधी द्यायची सोडून मारायला लागले ते मलाच कळलं नाही. जसा देश तसा वेश.

आई गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत, ग्वारीघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या लहानशा घरात. बाबा आता एकोणऐंशी वर्षांचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि ऑपरेशनचं नाव काढलं की, ‘‘थंडी जाऊ दे,’’ नाहीतर ‘‘गर्मी जाऊ दे.’’ चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या दिव्यांची काळजी केली आणि स्वतःच्या डोळ्यांकडे पाहत नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तरी स्कूटर चालवायचे. रोज संध्याकाळी घाटावर जायचं, पायऱ्यांवर बसायचं, आरती झाली की यायचं. दिवाळीच्या आदल्या दिवशी परत येताना त्यांनी स्कूटर आमच्याच फाटकाच्या खांबावर घातली. गुडघा सोलला, बाकी काही नाही. त्याच दिवशी मी चाबी काढून घेतली.

‘‘काहून घेऊन राहिली चाबी?’’

‘‘तुम्हाला दिसत नाही म्हणून.’’

‘‘खांब दिसला होता मला. मधेच समोरून कोणीतरी लाइट मारला.’’

‘‘तेच म्हणून राहिले मी. लाइट आला की तुम्हाला काहीच दिसत नाही.’’

‘‘तुला दिसतं?’’

मी थकलेली होते, आणि थकलेल्या माणसाला उत्तर नसलं की आवाज चढवता येतो. मी चढवला. चाबी माझ्या कपाटात गेली. त्यांनी पुन्हा मागितली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते ऑटोने घाटावर जायला लागले. येताना ऑटोवाला त्यांना रस्त्याच्या पलीकडे सोडायचा, आणि ते रस्ता ओलांडून घरी यायचे. मला वाटलं, चला, एक काळजी मिटली.

डिसेंबरातली गोष्ट. सातच वाजले असतील, पण धुकं उतरायला लागलं होतं. त्या दिवशी शाळेत पालकांची सभा होती. पोरांना कमी मार्क पडले की ती माझी चूक आणि चांगले पडले की ते क्लासवाल्याचं कर्तृत्व, हे तीन तास ऐकून मी निघाले होते. डोकं दुखत होतं. तिलवाऱ्यापासून घरच्या रस्त्याला लागेपर्यंत प्रत्येक गाडीने डोळ्यांत उजेड ओतला आणि मीही प्रत्येकाच्या डोळ्यांत ओतला. आता घर फर्लांगभरावर होतं. मनात फक्त चहा होता.

रस्त्याच्या कडेला एक गडद आकृती उभी दिसली. एक पाय रस्त्यावर, एक कडेला. ह्या शहरात असे लोक पावलागणिक उभे असतात, जाऊ की नको करत. मी डिपर मारला. एकदा वर, एकदा खाली. ‘थांब बाबा, मी येऊन राहिले.’ आणि वेग कमी केला नाही.

त्या आकृतीने हात वर केला. कोपरातून सरळ, पंजा उघडा. आणि ती शांतपणे रस्त्यावर उतरली.

मी चेहरा ओळखला नाही, तो हात ओळखला. ब्रेकवर मी जवळजवळ उभीच राहिले. शेजारच्या सीटवरच्या वह्यांचा गठ्ठा खाली कोसळला, गाडी आडवी सरकली आणि थांबली. बॉनेट आणि बाबांचा फॅक्टरीतून मिळालेला गडद निळा स्वेटर ह्यांच्यामध्ये दीड-दोन हाताचं अंतर असेल. बाबा एका हाताने डोळे झाकून, दुसरा अजून अर्धवट वर ठेवून उभे होते. मागून हॉर्न सुरू झाले.

मी दार उघडून धावले. ‘‘बाबा!’’

‘‘अरे, तू होय?’’ ते हसले. खरंच हसले. ‘‘मी म्हटलं, कोणीतरी आपल्या कॉलनीतलं असेल. इतक्या वर्षांनी कोणी रीतसर डिपर दिला.’’

मी त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं. ते सीटबेल्ट शोधत म्हणाले, ‘‘ब्रेक पाहून घे बरं एकदा. फार झटक्यात लागून राहिले.’’ आपण कशातून वाचलो ह्याचा त्यांना पत्ताच नव्हता. त्या उजेडात त्यांना गाडी किती जवळ आली ते दिसलंच नव्हतं. त्यांना दिसला तो डिपर, आणि डिपर म्हणजे ‘या’.

त्या रात्री जेवताना ते बोलत राहिले, एरवी दोन वाक्यांत जेवण संपवणारा माणूस. पुलियाबद्दल, शिफ्टच्या भोंग्याबद्दल, आईच्या जळलेल्या कुकरबद्दल. ‘‘तू विसरली नाहीस,’’ असं दोनदा म्हणाले. मी मान खाली घालून वरणभात कालवत होते.

सांगायला तर हवं होतं. उद्या पुन्हा ते घाटावर जाणार, पुन्हा रस्ता ओलांडणार, पुन्हा कोणीतरी दिवा मारणार, आणि हे हात वर करून त्याच्या चाकाखाली चालत जाणार. दर वेळी समोर मी नसणार, आणि असले तरी दर वेळी ब्रेक लागणार नाही. एवढं सोपं गणित. तरी तीन दिवस मी गप्प राहिले. रोज सकाळी निघतानाच काहीतरी बहाणा काढून त्यांना संध्याकाळपुरतं घरात अडकवलं: गुडघ्याला थंडी लागेल, मला जरा वह्यांवर नंबर टाकून द्या. चाबी काढून घेताना मला एवढा त्रास झाला नव्हता, कारण चाबी ही वस्तू होती. हे म्हणजे त्यांना सांगायचं होतं की तुम्ही ज्याला चांगुलपणा समजलात ती तुमच्या मुलीची शिवी होती. मला ते जमत नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटत होती.

रविवारी दुपारी त्यांनीच विषय काढला.

‘‘तुझ्या गाडीचे दिवे बदलले का?’’

‘‘...हो.’’

‘‘तरीच. डोळ्यांत टोचून राहिले होते. फोकस केला का लावताना?’’

‘‘दुकानदाराने नुसते बसवून दिले.’’

‘‘अच्छा.’’ एवढंच म्हणाले, पण असे उठले की जणू शिफ्टचा भोंगा झाला. खडू मागितला. मास्तरणीच्या घरात खडूला काय तोटा? आमच्या अंगणाच्या टोकाला शेजाऱ्यांच्या घराची आंधळी, बिनखिडकीची भिंत आहे, चुन्याने रंगवलेली. त्यांनी मला टेप धरायला लावून पंचवीस फूट मोजले. चाकांची हवा दाबून पाहिली. दिव्याच्या मधल्या बिंदूची उंची मोजून भिंतीवर आडवी रेघ मारली, तिच्या खाली चार बोटांवर दुसरी. रेघ वाकडी आली. त्यांनी ती बोटाने चाचपली, पुसली, पुन्हा मारली. पुन्हा वाकडीच आली.

अंधार पडायला लागला तेव्हा ते म्हणाले, ‘‘चल, आत बस आणि दिवे लाव.’’ मी बसले, लावले. ते भिंतीजवळ उभे राहून डोळे बारीक करून पाहत राहिले. मग मान हलवली. ‘‘मला कड दिसून नाही राहिली. तू ये इकडे. मी बसतो.’’

अशी आमची अदलाबदल झाली. बाबा माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर, आणि मी भिंतीशी. दिव्याच्या उजेडाला कड असते, हे मला लहानपणापासून माहीत. वर अंधार, खाली उजेड, मध्ये सुरीने कापल्यासारखी रेषा. ती रेषा म्हणजे बाबांची चौतीस वर्षं.

‘‘कुठे आहे कड?’’ त्यांनी आतून विचारलं.

मी भिंतीकडे पाहिलं. उजेड खालच्या रेघेवर होता, वरच्या रेघेवर होता, भिंतीच्या वर शेजाऱ्यांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीवरही होता.

‘‘कडच नाही, बाबा. सगळीकडे आहे.’’

‘‘कड नाही म्हणजे? नीट पाहा बेटा. कड असतेच.’’

‘‘नाही आहे.’’

ते म्हणाले, ‘‘ह्याला काय फोकस करणार? हे बल्ब ह्या गाडीचे नाहीतच. उद्या जुने लावून घे.’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. जुने बल्ब मी फेकले नव्हते, डॅशबोर्डच्या खणात होते. ‘‘उद्याच लावते.’’

आणि मी गाडीकडे वळले. तेव्हा पहिल्यांदा मी माझ्याच दिव्यांच्या समोर आले. मला काही दिसेना. गाडी दिसेना, काच दिसेना, आत बसलेले माझे वडील दिसेनात. नुसता पांढरा जाळ. मी हात डोळ्यांवर धरला आणि मला कळलं की त्या संध्याकाळी ते असेच उभे होते. आणखी एक कळलं, की ते मला दिसत नाहीयेत तोवरच मी हे बोलू शकेन.

‘‘बाबा,’’ मी म्हणाले, ‘‘त्या दिवशी मी डिपर दिला नव्हता.’’

मी झोतासमोरून हलले नाही.

‘‘मारला होता. मी थांब म्हणत होते. तुम्ही आलात.’’

‘‘म्हणजे...’’ त्यांचा आवाज हळू झाला होता. ‘‘हट म्हणून राहिली होती तू?’’

‘‘हो. कोण उभं आहे हे मी पाहिलंच नव्हतं. मी थकले होते, मला घरी यायचं होतं.’’ थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. ‘‘दीड हातावर गाडी थांबली. तुम्हाला ते कळलंही नाही. सगळे मारतातच, बाबा. देणारं आता कोणी नाही. डिपर दिसला की जागेवर थांबायचं. पाऊल टाकायचं नाही. मला शब्द द्या.’’

शेजाऱ्यांकडे टीव्ही चालू होता. रस्त्यावरून एक ऑटो गेला. मी डोळ्यांवर हात धरून तशीच उभी होते, आणि वाटत होतं की ते रागावतील, किंवा चाबीच्या वेळी म्हणाले तसं काहीतरी उलट म्हणतील. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

‘‘ठीक आहे,’’ ते म्हणाले. ‘‘नाही टाकणार.’’

मग अगदी साधं, एखादा सुटा भाग आता कुठे मिळतो हे विचारावं तसं त्यांनी विचारलं, ‘‘मग आता कोणाला ‘या’ म्हणायचं असलं तर काय करतात?’’

अठ्ठावीस वर्षं मी फळ्यासमोर उभी आहे. पोरांनी काहीही विचारलं तरी काहीतरी सांगते.

‘‘काही करत नाहीत, बाबा,’’ मी म्हटलं. ‘‘आता कोणी म्हणत नाही.’’

‘‘अच्छा.’’

समोरचा झोत एकदा वर गेला, खाली आला, आणि दिवे विझले. अंगणात अंधार झाला. त्यात हळूहळू गाडी दिसायला लागली, मग काच, मग काचेमागे बाबा, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून माझी वाट पाहत बसलेले.

मी हात वर केला, कोपरातून सरळ, आणि त्यांच्याकडे चालत गेले.